चुन्याचं रिंगण

रांझी, जबलपूर
९ मार्च २०२५

रत्नाकर,

वर 'चिरंजीव' आणि 'अनेक आशीर्वाद' लिहिणार होते, पण हात पुढे सरकला नाही. तेवढं गृहीतही धरू नकोस.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर मला बंद करून टाकलं आहेस, हे मला तुझ्या बायकोकडून कळलं. पोस्टमनला बंद करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून पत्र. ऑटोने आले तर अर्ध्या तासात नेपियर टाउन, पण मी येणार नाही. तुझा सोफा फार मऊ आहे, त्यावर बसून मला भांडता येत नाही.

आपल्या भाचीच्या, सुखदाच्या लग्नाला मी नागपूरला गेले. तिच्या सख्ख्या मामाला यायला जमलं नाही, कारण 'साइटवर काम आहे'. कोणती साइट, ते काल परत आल्यावर खिडकी उघडली तेव्हा दिसलं. समोरचं बोरांचं मैदान सपाट. बोरींची जाळी मुळासकट उपटून कोपऱ्यात ढीग घातलेला. मधलं डबकं मुरूम टाकून बुजवलेलं. जेसीबीवर तुझ्या 'हरितांगण'चा बोर्ड, त्यावर हिरवं पान काढलेलं.

आता जानेवारी आठव. माझ्याच घरी, माझ्याच हातचा चहा पिऊन तू म्हणालास, "ताई, पार्क झालं तरी बोरी तशाच राहतील. डबकं राहील. चार बाकं आणि चालायला एक पट्टी, बस. पण कॉलनीची हो पाहिजे, आन् लोक तुझं ऐकतात." लोक माझं ऐकतात हे खरं आहे. फॅक्टरीच्या टाइम ऑफिसात मी आयुष्यभर त्यांची लेट लावली, पण खोटी कधी लावली नाही. म्हणून दुखरे गुडघे घेऊन मी घरोघर फिरले. "मेरा भाई है, मेरी ज़बान है," असं मी प्रत्येक दारात म्हणाले. ज्यांच्या पोरांची बोरन्हाणं त्याच बोरींच्या बोरांवर झाली, त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून हो म्हटलं.

आज सकाळी दूध घ्यायला गेले तर मिश्रा भाभी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दीदी, आपके भैया ने तो मैदान की हजामत कर दी." बाकीच्या हसल्या. मी पातेलं घेऊन घरी आले आणि दूध तापवायचं विसरले.

तू मला ओळखतोस, तरी आठवण करून देते. चौथीत माझं बक्षिसाचं चित्र तू फाडलंस. मी रडले नाही, आईला सांगितलं नाही. दिवाळीपर्यंत थांबले आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तुझे सगळे फटाके मागच्या अंगणातल्या हौदात बुडवले. तुझा एक लवंगी फटाकासुद्धा वाजला नव्हता.

या पार्कचं उद्घाटन मी होऊ देणार नाही. कसं, ते मला अजून माहीत नाही. पण मी थांबू शकते.

शरयू


रांझी
२ एप्रिल २०२५

रत्नाकर,

उत्तर आलं नाही. बरं झालं, मला कामं आहेत.

खास बातमी अशी की तुझ्या पार्कात पहिला रहिवासी आला आहे. टिटवीने अंडी घातली. कुठे, तर तू डबकं बुजवून त्यावर मुरमाचा जो उंच चौथरा केलास, त्याच्या अगदी मधोमध. पाहुण्यांची खुर्ची जिथे यायची आहे ना, तिथे. चार अंडी, मातकट, वर काळे ठिपके. खड्यांत खडा होऊन पडली आहेत, डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरच दिसतात. डबकं होतं तेव्हा ती दर वर्षी त्याच्या काठाला घालायची. तू तिची जागा बदललीस, पत्ता नाही बदलू शकलास.

गल्लीतले म्हातारे खूश आहेत. टिटवीने उंचावर अंडी घातली म्हणजे यंदा पाऊस दणकून, असं त्यांचं म्हणणं. मला पावसाचं कळत नाही. मला एवढंच कळलं की देव कधी कधी माझ्यासारखा विचार करतो.

वनखात्याला कुणीतरी फोन केला म्हणे. कोण असेल बरं. परवा रोशनी नावाची वनरक्षक मोटरसायकलवर आली. पोरगी चुणचुणीत आहे. तुझ्या सुपरवायझरला, त्या सचिनला, तिने उभं करून सांगितलं, "अंडों को हाथ लगाया तो केस बनेगा. जब तक बच्चे नहीं निकलते, इस चबूतरे पर कोई काम नहीं." पिल्लं बाहेर यायला एप्रिलची अखेर उजाडेल असंही म्हणाली. तुझं उद्घाटन विसाच्या आसपास होतं ना?

सचिन हेल्मेट घालून लॉनला पाणी घालतो. टिटवी त्याच्या डोक्यावरून अशी झेप घेते की चाळीस वर्षांचा मिशीवाला माणूस पाइप टाकून पळतो. मी खिडकीत खुर्ची लावून बघते. नोकरी सुटल्यापासून माझी इतकी चांगली करमणूक झाली नव्हती.

टिटवीदेखील समुद्र आटवते असं बाबा म्हणायचे. तू तर नुसता मुरूम आहेस.

शरयू


रांझी
१२ एप्रिल २०२५

रत्नाकर,

स्वतः यायची हिंमत नाही म्हणून मनीषाला पाठवलंस. तिने खव्याची जलेबी आणली होती. जलेबी मी खाल्ली, जलेबीशी माझं भांडण नाही.

मनीषा म्हणाली, "ताई, काहून असं करून राहिल्या तुम्ही? ह्यायचं सारं पुढचं काम या पार्कावर आहे. तिलवाऱ्याला घाटाच्या वर नवा बगीचा करायचा ठेका निघून राहिला. हे उद्घाटन नीट झालं की तो ह्यायलेच भेटते, असं ठरल्यासारखं आहे."

मी म्हटलं, "मी काय केलं? अंडी मी घातली का?"

ती हसली. मग तिला आठवलं की ती तुझ्याकडून आली आहे, आणि तोंड लांब करून म्हणाली, "अंडी उचलून कोपऱ्यात ठेवली तं? पक्ष्याले काय समजते?"

पक्ष्याला समजतं. माणसाला समजत नाही, हा माझा घरातलाच अनुभव आहे. मी तिला एवढंच सांगितलं की तुझ्या नवऱ्याला म्हणावं, ताईची जबान परत आणून दे, मग बोलू. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण तिच्यासाठी, तुझ्यासाठी नाही.

तुला तिलवाऱ्याची एवढी घाई आहे हे मला आधी माहीत नव्हतं. कळवल्याबद्दल आभारी आहे. आता कुठे दुखतं ते कळलं.

अंड्यांची काळजी करू नकोस. तुझे मजूर येताजाता पाय देतील म्हणून मी बंदोबस्त केला आहे. डोक्याएवढे दगड गोळा केले, घरचा चुना भिजवला, त्यांना पांढरेशुभ्र केले आणि अंड्यांभोवती रिंगण घातलं. मी दगड मांडत होते तोवर टिटवी माझ्याही डोक्यावर आली. तिला काय ठाऊक मी कोणाच्या बाजूची. रिंगण इतकं देखणं झालं की मिश्रा भाभी बघायला आल्या. "दीदी, ये तो लक्ष्मण रेखा हो गई," म्हणाल्या. या वेळी त्या माझ्यावर हसत नव्हत्या. दूध आता मी ताठ मानेने आणते.

शरयू


रांझी
२४ एप्रिल २०२५

रत्नाकर,

हे पत्र बसून लिहीत नाही, उभ्याने ओट्यावर लिहिते आहे. बसवत नाही.

रविवारी उद्घाटन करायचंच असं तू ठरवलंस. चौथरा नाही तर फाटकाजवळ मांडव. रोशनीनेही परवानगी दिली. ठीक आहे. मग पाहुणे येणार म्हणून तू काय केलंस? रांझीत साहेब येणार म्हटलं की साहेबाच्या आधी चुना येतो, हे आपण जन्मापासून बघतो आहोत. झाडांचे बुंधे, वाफ्यांच्या विटा, रस्त्याकडेचे दगड, जे दिसेल त्याला गेरू नाहीतर चुना. बाबांच्या वेळी फॅक्टरीच्या मोठ्या साहेबासाठी आपल्या तुळशीकट्ट्यालाही मारून गेले होते. तू त्याच वस्तीत वाढलास, तरी मजुरांच्या हाती चुन्याच्या बादल्या दिल्यास आणि तिथे उभा राहिला नाहीस.

काल दुपारी मी नव्हते. दाताच्या डॉक्टरकडे नेपियर टाउनला गेले होते, तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. तासभर तोंड उघडून पडले होते, तेवढ्यात इकडे झालं.

चारही अंडी पांढरी, रत्नाकर. कुंचल्याचा फटका मारून पांढरी केलेली. टिटवी पुढ्यात उभी होती. ओरडत नव्हती. एवढी बोंबलणारी ती, नुसती मान वाकवून त्यांच्याकडे बघत होती, आपलीच आहेत का दुसऱ्या कोणाची.

चुना मारणारा गणपत, तोंड एवढंसं करून उभा. माणूस वाईट नाही, आपल्याच अमरावतीकडचा. म्हणाला, "बाई, गोल तं चुन्याचाच होता. आतले चार गोटे मातकट राहून गेले होते. म्या म्हटलं कोणाचं काम अर्धं राहिलं, करून टाकू पुरं." मी म्हटलं, वर पक्षी बोंबलत होता तो ऐकू आला नाही का. "ते तं रोजच बोंबलते, बाई." गणपतचं सोड. तो सांगितलेलं काम करतो. सांगणारा तू.

रोशनीला मी लगेच लेखी तक्रार दिली. 'हरितांगण'चं नाव घातलं, तुझं पूर्ण नाव घातलं, बाबांच्या नावासकट. रत्नाकर शालिग्राम. चौकशी होईल म्हणाली. होऊ दे. तिलवाऱ्याचा बगीचा तुझ्या हातून गेला की मी पेढे वाटीन.

उन्हं वाढलीत. टिटवी त्या पांढऱ्या अंड्यांवर परत जाऊन बसली आहे. मला तिच्याकडे बघवत नाही, आणि खिडकीही लावता येत नाही.

शरयू


रांझी
३० एप्रिल २०२५

रत्नाकर,

उद्घाटनाला मला बोलावलं नव्हतंस. मी आले होते. शेवटच्या रांगेत, जांभळी साडी. तू बघितलंस आणि न बघितल्यासारखं केलंस.

आता ऐक, कारण हे तुला तुझा सचिन सांगणार नाही. पूर्वी टिटवी उन्हाच्या वेळी डबक्यात बसून पोट भिजवायची आणि ओल्या पोटाने अंड्यांवर जाऊन बसायची, त्यांना गारवा मिळावा म्हणून. डबकं तू बुजवलंस. पण सचिनचा पाइप गळतो. त्या गळतीखाली ती पोट भिजवत होती. चुना मारल्यानंतरही तिने ते सोडलं नाही. दिवसभर फेऱ्या. ओलं पोट घासून घासून एका अंड्यावरचा चुना जवळजवळ निघाला. तीन तशीच पांढरी राहिली. ती तिन्ही गेली.

चौथं रविवारी सकाळी फुटलं. तुझे पाहुणे फीत कापायला वाकले त्याच्या थोडं आधी.

टिटवीचं पिल्लू घरट्यात बसून राहत नाही, रत्नाकर. अंगावरची ओल सुकली की चालू लागतं. ते रिंगणातून बाहेर पडलं आणि तुझ्या लाल गालिच्याच्या दिशेने निघालं. आईबापांना वाटलं, एवढी माणसं आपल्या लेकरासाठीच जमलीत. मग दोघं पाहुण्यांच्या डोक्यावर कशी झेपावली ते तू पाहिलंसच. पाहुण्यांची टोपी वाचली, पण भाषण वाचलं नाही. रोपाला पाणी घालायचं राहिलं, झारी तिथेच टाकून सगळे गाडीत. मी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या रांगेतला तो आवाज माझाच होता.

अंडी होती तोवर तुझा फक्त चौथरा अडला होता. आता पिल्लू जिथे जाईल तिथे टिटवीचं राज्य. सकाळी ते बाकांखाली असतं, दुपारी पाइपापाशी, संध्याकाळी चालायच्या पट्टीवर. हास्यक्लबवाले छत्र्या घेऊन आले होते, त्यांचं हसू अर्ध्यातच राहिलं. लोकांनी मैदानात जाणं सोडलं आहे. फाटकाला तू कुलूप लावायच्या आधीच टिटवीने लावलं.

यावर उपाय एकच आहे, आणि रोशनीचंही तेच म्हणणं आहे. पिल्लू ओलाव्यासाठी फिरतं. डबकं परत कर. मागच्या कोपऱ्यात, जिथे बोरींचा ढीग घातला आहेस, तिथे. टिटव्या पिल्लाला तिकडे नेतील आणि बाकीचं पार्क तुला मोकळं मिळेल. मात्र जेसीबी आत येणार नाही. धोका दिसला की पिल्लू जमिनीला चिकटून दगडासारखं पडून राहतं, यंत्राखाली चिरडेल. फावड्याने खणावं लागेल.

आणि तू खणायचंस. मजूर नाही, सचिन नाही. ज्या गल्लीत मी घरोघर फिरले, त्या गल्लीसमोर. माझी अट आहे ही, रोशनीची नाही.

शरयू


रांझी
२५ मे २०२५

रत्नाकर,

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. नवतप्याचं नऊ दिवसांचं ऊन लागायच्या तोंडावर, बनियनवर, डोक्याला पंचा बांधून, खांद्यावर फावडं. सगळी गल्ली ओट्यांवर येऊन बसली. मी खुर्ची बाहेर काढली आणि समोर मांडली. तू खणत होतास आणि मी बघत होते. पाणीसुद्धा मी विचारलं नाही, मिश्रा भाभींनी दिलं. त्या मला म्हणाल्या, "दीदी, अब तो माफ़ कर दो, भैया के हाथ छिल गए." मी म्हटलं, छिलने दो.

खरं सांगते, मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. चौथीतल्या चित्रापासूनचं सगळं त्या खड्ड्यात जात होतं.

मग रोशनी चौकशीचे कागद घेऊन आली. तीन पांढरी अंडी अजून रिंगणातच होती. तिने फोटो काढले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "अंडों पर चूना इसलिए लगा कि चारों तरफ़ चूने का घेरा था. मज़दूर ने समझा सजावट है. मुझे यही लिखना है. ये घेरा किसने बनाया?"

मी उभी राहिले होते. माझ्या तोंडात शब्द होता की नव्हता, ते मला आज सांगता येत नाही. मिश्रा भाभी माझ्याकडे बघत होत्या. आणि तू फावडं न थांबवता म्हणालास, "मैंने बनवाया था. लिख लीजिए."

रोशनीने लिहून घेतलं. गणपतला सगळं माहीत होतं, तो खाली बघत राहिला. मिश्रा भाभींनाही माहीत होतं. मला माहीत होतं. मी खुर्चीवर परत बसले.

हात धुताना तू हळूच विचारलंस, "ताई, आता तं फिटलं?" मी म्हटलं, नाही. तू मान हलवलीस आणि मोटरसायकलला लाथ मारून गेलास.

काल सचिनने सांगितलं, चौकशीचा कागद वर गेला आणि तिलवाऱ्याचा बगीचा दुसऱ्याला द्यायचं चाललं आहे. सोमवारी पक्कं होईल. पेढे वाटीन असं मी लिहिलं होतं. दुकानापर्यंत गेले आणि मेथीची जुडी घेऊन परत आले.

टिटवी पिल्लाला घेऊन डबक्याकाठी गेली आहे. पाइपाने पाणी सोडलंय, बोरींच्या ढिगातून दोन ठिकाणी पालवी फुटली. पिल्लाचे पाय लांब झालेत, अजून उडत नाही. लोक पट्टीवर चालतात. दूधवाल्याकडे सगळ्याजणी म्हणतात, "दीदी ने अपनी ज़बान रखी." मला तिथे उभं राहवत नाही. मी दूध आता पिशवीतलं आणते.

तू काय केलंस ते कळतंय का तुला? मला जिंकू दिलंस आणि जिंकण्याची चवच काढून घेतलीस. डाव माझा होता, आणि शेवटी राज्य आलं माझ्यावरच. तू मोठा झालास, आणि मी, तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, लहान होऊन खुर्चीत बसून राहिले. हे मी सहन करणार नाही. फटाक्यांच्या वेळी तू निदान रडला तरी होतास.

म्हणून हा शेवटचा सूड, नीट वाच. उद्या सोमवार. मी सकाळी पहिल्या ऑटोने रोशनीच्या ऑफिसात जाते आहे. दगड मी गोळा केले, चुना माझ्या घरचा, रिंगण मी घातलं, आणि तक्रारीत हे मी लपवलं, असं माझ्या सहीने लिहून देते. परतताना मिश्रा भाभींच्या दारात उभी राहून सगळ्यांसमोर तेच सांगते. तुझा मोठेपणा मी तुझ्यापाशी राहू देणार नाही. तिलवाऱ्याचा बगीचा तुला परत मिळाला तर त्यात मायेबियेचा काही संबंध नाही, हे लक्षात ठेव.

बोरींच्या बाबतीत तू दिलेला शब्द मोडलास. ते मी विसरलेले नाही, आणि ते या हिशेबात धरलेलं नाही.

यंदा दिवाळी ऑक्टोबरात आहे. मनीषाला घेऊन ये. फटाके आण, भरपूर आण. मागच्या अंगणातला हौद मी आजच घासून ठेवला आहे.

शरयूताई